अकरावी खूण

गंजलेली चासी दुरुस्त करायची की बदलायची, हे डोळ्यांनी ठरत नाही, कानांनी ठरतं. छोटी हातोडी घ्यायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीत-वीत अंतरावर, हलकेच ठोकत जायचं. लोखंड जिवंत असेल तिथे ते टणकन ओ देतं. आतून खाल्लेलं असेल तिथे ओल्या लाकडासारखं मिटून बसतं. तिथे खडूने फुली मारायची. शेवटी फुल्या मोजायच्या. पाच-सहा असतील तर दुरुस्ती, दहाच्या वर गेल्या तर चासी भंगारात आणि दुसरी आणायची. हा वर्कशॉपचा नियम आहे, म्हणजे माझा. दादाचा नियम निराळा होता.

चासी म्हणजे जुन्या गाड्यांचा सांगाडा. दोन लांब चौकोनी पोकळ तुळया, त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, चाकं, माणसं, सगळ्यांचा भार त्यावर. गाडीला रंग कितीही चढवा, खाली ही मोडकी असेल तर वरची शोभा म्हणजे आजारी माणसाला नवा सदरा.

वर्कशॉप आमचं साधं आहे. पत्र्याचं छप्पर, त्यात उजेडासाठी बसवलेले तीन पांढरे पत्रे. पंचवीस वर्षांच्या तेलाने काळी झालेली जमीन. भिंतीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्यामागे त्या-त्या हत्याराची रंगाने काढलेली आकृती, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच कळतं. बाजूने लोखंडी जिना वर जातो. वर दोन खोल्या. तिथे आता वहिनी एकट्या राहतात. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यांना मूलबाळ झालं नाही. दुपारचं माझं जेवण त्यांच्याकडे असतं. दोघं जेवतो, फार बोलत नाही.

सोमवारी सकाळी टेम्पोतून वकीलसाहेबांच्या गाडीची चासी आली. वरची बॉडी रंगवायला दुसरीकडे गेली होती. मागोमाग साहेब आले, काठी टेकत.

"काय रे, आहेस का अजून धंद्यात? मला वाटलं वरच्याने तुझाही निकाल लावला असेल."

"तारखेवर तारीख पडतेय, साहेब."

ते हसले आणि चासीजवळ गेले. "नात नोकरीला लागली. रोज चाळीस किलोमीटर जायचं. म्हणते, आजोबांचीच गाडी चालवणार. मी म्हटलं, नवी घेऊन देतो. तर तोंड फुगवून बसली." मग काठीने तुळईला टोचून म्हणाले, "हे बघ, गाडी मोडली तर चालेल, पोरगी मोडता कामा नये. बदलायची तर बदल. दुसरी चासी एका भंगारवाल्याकडे हेरून ठेवलीय. शनिवारी त्याचा टेम्पो येईल, नवी टाकेल, जुनी घेऊन जाईल. तोपर्यंत मला सांग."

मी हो म्हणालो. त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. मला आठवत होतं. ही चासी पूर्वीही इथे येऊन गेली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही साहेब हाच प्रश्न घेऊन आले होते. दादा म्हणाला, "दुरुस्त होईल." मी म्हणालो, "बदला." दादा चासीवर हात फिरवत मला म्हणाला, "बदलणं सोपं असतं रे. देवाने आपल्याला असं प्रत्येक चुकीला बदलून टाकलं असतं, तर आपण कुठे असतो?" दादा असंच बोलायचा. काम करतानाही तोंडातल्या तोंडात देवाचं नाव चालू असायचं. एरवी मला ते गोड वाटायचं. त्या दिवशी मी चिडलो आणि साहेबांसमोर बोलून गेलो, "याचं ऐकू नका साहेब. याला आता दिसत नाही."

ते खरं होतं, हे जास्त वाईट. वेल्डिंगच्या उजेडाने म्हणा, वयाने म्हणा, दादाचे डोळे अधू होत चालले होते. त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं. मला कळतंय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दादाने वेल्डिंगचा होल्डर खिळ्याला अडकवला. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "बरं," म्हणाला आणि जिना चढून वर गेला. त्यानंतर त्याने एकदाही ठिणगी पाडली नाही. साहेबांनी कंटाळून गाडी घरी नेली आणि शेडमध्ये लावली. आठ-नऊ महिन्यांनी दादा गेला. त्या महिन्यांत मला रोज वाटायचं, उद्या वर जाऊन बोलू. माफी मागायला शब्द लागतात तरी किती? पण उद्या उद्या म्हणत माणूसच संपला.

असो. सोमवारी मी चासी चार स्टँडवर चढवली आणि ठोकायला बसलो. पुढून मागे जायला दोन तास लागले. अकरा फुल्या. अकरावी अगदी मागे, डाव्या तुळईच्या खालच्या अंगाला. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. प्रत्येक फुलीचा मोबाइलवर फोटो काढला आणि साहेबांना पाठवून दिला. खाली लिहिलं, अकरा जागा, बदलावी लागेल. त्यांचं उत्तर आलं, मान्य.

मला हलकं वाटायला हवं होतं. मी बरोबर होतो, तीन वर्षांपूर्वीही होतो. तरी संध्याकाळी शटर ओढताना चासीकडे बघवलं नाही.

मंगळवारी सकाळी तिला एका बाजूला सरकवायची म्हणून जवळ गेलो. पहिल्या फुलीजवळ वेल्डिंग होतं.

जुनं वेल्डिंग. हाताएवढी पट्टी तुळईवर बसवलेली, चारी बाजूंनी शिवलेली, आणि त्या शिवणीवर लोखंडावर होता तसाच तपकिरी गंज. खडूची फुली त्या पट्टीवर होती, माझीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या फुलीखालीही तसंच.

मी खाली बसलो. हातोडीने ठोकलं. टणकन आवाज आला.

माझा पहिला विचार तुमचाही असेल तोच. काल नीट बघितलं नाही. वय होतंय, उजेड कमी होता, मन थाऱ्यावर नव्हतं. माणूस सोयीचं असेल ते आधी मानतो. मी ते दिवसभर मानत राहिलो, मोबाइलमधले फोटोही उघडले नाहीत. एकच गोष्ट मानू देत नव्हती.

वेल्डिंगची शिवण बारकाईने बघितली तर ती चंद्रकोरींची रांग असते, एकीवर एक चढलेली. हात ज्या दिशेने गेला त्या दिशेला कोरी वळतात. जगातले बहुतेक वेल्डर डावीकडून उजवीकडे जातात. या शिवणी उजवीकडून डावीकडे गेल्या होत्या. बारीक, एकसारख्या, कुठे घाई नाही. अशी शिवण घालणारा डावखुरा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता, आणि त्याच्या हाताखाली वाढलो होतो.

बुधवारी साहेबांना बोलावलं. सोमवारचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्येही होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग चासीकडे बघितलं. फोटोत पहिल्या फुलीखाली बोट जाईल एवढं भोक होतं. समोर पट्टी होती. एव्हाना पाच झाल्या होत्या.

"शेडमध्ये असताना दादाने येऊन केलं असेल का?" मी विचारलं. "मला न सांगता?"

"शेडची किल्ली माझ्या उशाखाली असते. आणि केलं असतं तर या फोटोत दिसलं नसतं का?" त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "चाळीस वर्षं वकिली केली. पुरावा माझ्या हातात आहे आणि आरोपी सापडत नाही, असं पहिल्यांदाच होतंय."

आम्ही दोघंही हसलो नाही.

"बदलायची ना?" मी विचारलं.

"मी साक्षीवर चालणारा माणूस. साक्षीदार तू. तू सांगशील तसं." जाताना दारात थांबले. "तेव्हा मी तुझं ऐकायचं की त्याचं, हे ठरवू शकलो नव्हतो, म्हणून गाडी घेऊन गेलो. तुझा दादा मला जिन्यावरून बघत होता. मी हात केला. त्याला दिसला नाही."

गुरुवारी दुपारी मी जेवायला वर गेलो तेव्हा सहा होत्या. शटर आतून लावून घेतलं होतं. पाऊण तासाने खाली आलो तर सात. सातवी पट्टी गंजलेली, थंड, शिवणीच्या कोपऱ्यात कोळ्याने धागा ताणलेला. भर दुपार होती, वरून उजेडाचे तीन चौकोन जमिनीवर पडले होते. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मी ती स्कूटर सुरू होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. मला सोबत हवी होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. हे काम चाललं होतं ते मी चूक आहे, हे दाखवायला चाललं असेल तर? आणि मी हळवा होऊन 'दुरुस्त' म्हणालो, आणि खाली लोखंड कुजकंच असेल तर? त्या पोरीने काय केलंय? शिवण कितीही सुंदर असली तरी पिचक्या पत्र्यावर ती टिकत नाही. दादाला दिसत नव्हतं, हे खोटं नव्हतं. आणि न उघडता भंगारात दिली, तर माणसाचा दुसऱ्यांदा तोच अपमान, या वेळी त्याला 'बरं' म्हणायलाही तोंड नाही.

शुक्रवारी सकाळी दहा झाल्या होत्या. अकरावी तशीच होती, काळं भोक.

टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. मी ग्राइंडर घेतला. मनात म्हटलं, माफ कर, पण बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. चौथ्या पट्टीशेजारी, तुळईच्या वरच्या अंगाला, काडेपेटीएवढी खिडकी कापली. टॉर्च लावली, छोटा आरसा आत सरकवला.

आत गंज नव्हता. लोखंड राखाडी, स्वच्छ, नुकतं कारखान्यातून आल्यासारखं. जाडी मोजली, भरपूर होती.

आरसा थोडा फिरवला.

पट्टीच्या मागे, आतल्या बाजूनेही शिवण होती. चंद्रकोरी, उजवीकडून डावीकडे.

ती तुळई चारी बाजूंनी बंद असते. आतली पोकळी तीन बोटं रुंद. तिथे माणसाचा हात जात नाही, होल्डर तर नाहीच.

मी आरसा बाहेर काढला आणि सदऱ्याला पुसून ठेवला. मग कामाला लागलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. खिडकीचा तुकडा परत बसवून शिवला. दोन्ही कर्ण मोजले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. एक सुताचाही फरक नाही. एका कोपऱ्यावर इंजिनाएवढं वजन ठेवलं, तासभर राहू दिलं, पुन्हा मोजलं. हलली नव्हती. चासी पक्की होती. फक्त एक जागा राहिली होती.

जेवायला वर गेलो. हात धुताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, चार दिवस झाले, तुम्ही पानात बघत नाही. मी वाढते, तुम्ही उचलता. काय झालंय?"

मी एवढंच म्हणालो, "खाली दादाचं काम आलंय."

त्यांनी विचारलं नाही, कसलं. त्या दादाच्या पलंगाकडे बघत बसल्या. पलंग अजून तसाच आहे, चादर ताणलेली.

"शेवटी-शेवटी ह्यांचा हात चालायचा," त्या म्हणाल्या. "डावा. चादरीवर, असा, बारीक-बारीक. उशीपासून सुरू करायचे आणि खाली गुडघ्यापर्यंत यायचे. मध्ये थांबायचे, मग पुढच्या जागी. मी तुम्हाला बोलले नाही. तुम्ही आधीच खालमानेने फिरत होतात."

"किती जागा?"

"दहा. मी मोजायचे. उशाशी बसून दुसरं काय करणार?" त्यांनी पदराने ओठ टिपले. "दहावी झाली की हात पोटावर ठेवायचे आणि म्हणायचे, एक राहिलीय. मी म्हणायचे, मग तीही करा ना, म्हणजे झोप लागेल. तर म्हणायचे, ती त्याच्यासाठी ठेवलीय, ती त्याला करू दे."

मी घास पानात ठेवला.

"मला वाटायचं ताप डोक्यात गेलाय," वहिनी म्हणाल्या. "कोणासाठी, ते मी कधी विचारलंच नाही, भावजी. विचारायला हवं होतं का?"

मी त्यांना अकरा फुल्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. फुल्या मारून पुरते पाच दिवसही झाले नव्हते, आणि दादाला जाऊन दोन वर्षं.

खाली येऊन साहेबांना फोन लावला. "चासी बदलायची नाही," मी म्हणालो. "दुरुस्त होईल." तेवढंच वाक्य होतं, पण ते रिकाम्या वर्कशॉपमध्ये मोठ्याने बोललो.

साहेबांनी विचारलं, "नातीला बसवू?"

"माझी मुलगी असती तर बसवली असती."

"मग टेम्पोला नको म्हणतो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

अकराव्या जागेसाठी नवी पट्टी कापली. घासून चकचकीत केली. भोकाच्या कडांचा कुजका भाग काढला, चांगलं लोखंड लागेपर्यंत. मग चासीखाली पोतं टाकून उताणा झोपलो.

जागा अवघड होती. खालून वर बघत शिवायचं, ठिणग्या गळ्यावर येतात. डाव्या हाताने पट्टी वर दाबून धरली, उजव्याने होल्डर घेतला. मान झटकून मुखवट्याची काळी काच डोळ्यांवर पाडली. काचेमागे अंधार, ठिणगी पडेपर्यंत काही दिसत नाही.

ठिणगी पडली.

उताणं शिवताना हात थरथरतो, म्हणून डावा हात उजव्या मनगटाखाली द्यायचा. मी दिला. डावीकडून उजवीकडे, सावकाश. एक बाजू. मग दुसरी. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराने म्हणा. तिसरी बाजू. तोंडातल्या तोंडात मी काहीतरी म्हणत होतो. देवाचं नाव होतं. मला त्याची सवय नाही.

चौथी बाजू संपली. होल्डर बाजूला ठेवला. काच वर केली.

शिवण चांगली होती. दादाने नावं ठेवली नसती.

तसाच पडून राहिलो, श्वास जागेवर येईपर्यंत. मान वळली, नजर भिंतीकडे गेली. खिळ्यावर क्लॅम्प लटकत होता, आपल्या आकृतीवर, जागच्या जागी.

मी तो काढलाच नव्हता.

पट्टी शिवायची तर आधी ती क्लॅम्पने धरतात, किंवा चार कोपऱ्यांना चार टाके मारतात. पहिल्या दिवशी शिकवतात ते. मी दोन्ही विसरलो होतो. डावा हात काढला त्या क्षणी ती पट्टी माझ्या छातीवर पडायला हवी होती.

टॉर्च घेऊन पुन्हा वर बघितलं.

तापलेलं लोखंड थंड होताना निळं होतं, मग जांभळं, मग कडेला पिवळसर. सगळी पट्टी तशी झाली होती. मधोमध चार ठिकाणी रंग चढला नव्हता. चार लांबट डाग, बोटांएवढे, शेजारी-शेजारी, स्वच्छ राखाडी.

मी हातमोजा काढला आणि बोट लावलं.

बाकीची पट्टी अजून पोळत होती. त्या चार जागा गार होत्या.